पुरात बुडालेली राजदूत



आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीवर गोठ्याच्या कडेला एखादी जुनी मोटारसायकल उभी असेल. तिच्या सीटवर कोंबड्या बसतात, हँडलला दावी अडकवलेली असतात आणि टाकीवर पोरांनी खडूने नावे लिहिलेली असतात. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, एखाद्या घरी जुनी बुलेट. भंगारवाला दर उन्हाळ्यात येतो आणि भाव सांगून जातो. घरातले वडीलधारे माणूस ‘असू द्या’ म्हणते, तरुण पोरे ‘जागा तरी मोकळी होईल’ म्हणतात.

अशाच एका राजदूतचे इंजिन २०२४ च्या दिवाळीनंतर मी कराडच्या माझ्या घरी खोलले, दुरुस्त केले, रंगवले आणि पुन्हा जोडले. मी पंचायत समितीतला कृषी विस्तार अधिकारी, मिस्त्री नव्हे. पण फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे, पाण्याची इंजिने यांच्याशी नोकरीभर संबंध आला. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप आणि राजदूत या दोघांच्या इंजिनाचे कूळ एकच, दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणून जे पुढे सांगणार आहे ते ज्यांच्या घरी मोटारसायकल नाही त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी गाडीची ओळख. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. साठाच्या दशकात ती आपल्या देशात बनू लागली. मूळ रचना पोलंडमधल्या एस.एच.एल. नावाच्या मोटारसायकलची. इंजिन १७३ सी.सी., एकच सिलिंडर. वेग बेताचा, पण अंगात ओझे वाहण्याची ताकद. त्यामुळे ती शहरातल्या शौकिनांपेक्षा गवळ्यांची आणि शेतकऱ्यांचीच अधिक झाली. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात तिच्याच घराण्यातली छोटी जी.टी.एस. गाडी झळकली आणि पोरांना तिचे वेड लागले, ती गोष्ट निराळी. आमच्या भागात राजदूत म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या दोन बाजूंना लटकलेल्या दुधाच्या कॅन.

ही गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. आमचे गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. दादांनी १९८२ मध्ये ती आठ वर्षे वापरलेली अशी विकत घेतली. पहाटे चारला गावातले दूध गोळा करायचे, चाळीस-चाळीस लिटरच्या दोन कॅन बांधायच्या आणि आष्ट्यावरून, सांगलीवाडीतून, आयर्विन पूल ओलांडून सांगलीत हॉटेलांना आणि घरोघरी दूध घालायचे. नऊपर्यंत परत, मग शेत. सोळा वर्षे हा क्रम चालला. १९८७ मध्ये मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात गेलो. त्या चार वर्षांची माझी फी, खाणावळ आणि पुस्तके या गाडीवरून आली. पुढे गावातच डेअरीचे संकलन सुरू झाले, दूध सांगलीला न्यायचे कारण उरले नाही, तरी दादांनी गाडी सोडली नाही. २०१८ मध्ये ते गेले, तोवर ती रानात जात होती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते आणि शेडमधली गाडी हँडलसकट बुडाली. मी तेव्हा पंचनाम्यांच्या कामात गळ्यापर्यंत अडकलेलो. माणसे, जनावरे, ऊस, सोयाबीन यांच्यापुढे मोटारसायकलचा विचार कोण करणार?

पाच वर्षे गाडी तशीच उभी होती. गेल्या वर्षी दोन गिऱ्हाइके आली. भंगारवाल्याने चार हजार सांगितले. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाने पंचेचाळीस हजार सांगितले, पण एका अटीवर, इंजिन चालू असेल तर. पुतण्याला एक एकर उसाला ठिबक करायचे होते. त्याला हा पैसा हवा होता, आणि त्याची गरज खोटी नव्हती. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा पुतण्याने माझ्यासमोर विषय काढला. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, “भावजी, आधी ती चालू तरी करा. बंद पडल्याली म्हणून इकायची न्हाई. चालू झाली म्हंजे मग बघू ठेवायची का द्यायची.”

अशा रीतीने इंजिन पिकअपमधून कराडला आले.

घरी इंजिन खोलायचे तर पहिली गोष्ट जागा. ओसरीवर जुनी ताडपत्री, तिच्यावर पांढरे फडके. पांढरे यासाठी की छोटी लॉक, बॉल किंवा वॉशर पडली तर दिसते. घरच्या मंडळींनी परात द्यायला साफ नकार दिला, म्हणून बाजारातून पत्र्याचे घमेले आणले. पूर्वी सुटे भाग धुवायला रॉकेल असायचे. रेशनवरचे रॉकेल आता मिळेनासे झाले, तेव्हा डिझेल वापरले. काम उघड्यावर केले आणि जवळ विडी-काडी येऊ दिली नाही. पुतण्या दर रविवारी यायचा. एकेक भाग निघण्यापूर्वी तो मोबाईलवर फोटो काढी. ही सोय आमच्या तरुणपणी नव्हती, आणि ती फार मोलाची आहे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगवेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड हे ध्यानात राहील या भरवशावर राहू नये. अॅल्युमिनियमच्या आट्यात लांब बोल्ट जबरदस्तीने पिळला की आटे गेलेच म्हणून समजा.

नट निघाला नाही तर छिन्नी-हातोडी घेऊ नये. रात्री गंजावर पातळ तेल सोडावे आणि सकाळी पुन्हा पाना लावावा. तरीही नाही निघाला तर भोवतालचा भाग थोडा गरम करावा. ज्या माणसाने आधी हे इंजिन खोलले त्याचा स्वभाव नटांवरून कळतो. दादांच्या नटांचे कोपरे चाळीस वर्षांनंतरही शाबूत होते. कुठे पकडीचे दात उमटलेले नव्हते.

माझी अपेक्षा अशी होती की खालचा क्रँक गंजून एकजीव झालेला असणार. पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात गाळ असतो. तो बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये बसतो, वरून गंज चढतो आणि मग इंजिन म्हणजे लोखंडाचा गोळा. पण किक दाबली तर ती जड का होईना, खाली गेली. हेड काढले. सिलिंडरच्या वरच्या भागात सायलेन्सरच्या तोंडाशी गंजाचे खड्डे होते. सिलिंडर उचलून वर काढला आणि क्रँकच्या पोटात डोकावलो. तिथे काकवीसारखे दाट काळे तेल साचलेले होते आणि त्या तेलात क्रँक लखलखीत होता.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकमध्ये तेल साचून राहत नाही. पेट्रोलमधून येते आणि जळून जाते. म्हणजे हे कुणीतरी ओतलेले होते. मी वहिनींना फोन लावला.

“वहिनी, पुरानंतर या इंजिनात कुणी तेल घातलं होतं का?”

“मीच घातलं की. का, बिघडलं का काय?”

“बिघडलं नाही, वाचलं. पण कसं घातलंत?”

“पाणी उतारल्यावर तिसऱ्या दिशी. २००५ च्या पुरात ह्यांनी तसंच केलं हुतं, तवा मी बॅटरी धरून हुबी हुते. प्लग काढला, गाडी आडवी केली, समदं पाणी सांडू दिलं. मग ह्यांची बाटली हुती कपाटाच्या वरच्या फळीवर, ती वतली. शेजारच्या पोराला धरून गाडी गियरात घातली आन् चार येळा मागं-म्होरं ढकलली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं.”

“मग मला कधी बोलला नाहीत?”

“तुमी इचारलं कुठं?”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ताडपत्रीवर बसून राहिलो. तीस वर्षे मी गावोगाव सभा घेतो आहे. सतरंजीवर पुढे पुरुष बसतात आणि बाया दाराच्या आडून ऐकतात. यंत्राविषयी प्रश्न मी कधी दाराकडे बघून विचारला नाही, आणि कुणी विचारताना पाहिलाही नाही. घरातला दागिना, बियाणे, जनावराचे औषध हे सारे जिच्या ताब्यात असते, तिने यंत्राकडेही पाहिलेले असतेच.

वहिनींनी जे केले ते नदीकाठच्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे, कारण २०२१ च्या जुलैतही पाणी आले होते आणि पुढेही येईल. बुडालेले इंजिन, मग ते मोटारसायकलचे असो, फवारणी पंपाचे असो की डिझेलचे, पाणी ओसरल्यावर चालू होते का म्हणून किक किंवा हँडल मारून पाहू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनवर पाणी असताना जोराने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढावा, डिझेल इंजिन असेल तर जाणत्याकडून इंजेक्टर. जुने तेल सगळे सोडून द्यावे. पांढुरके, ताकासारखे निघाले तर त्यात पाणी मिसळले असे समजावे. मग हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावे, नवे तेल घालावे, पुन्हा फिरवावे. गाळ फार गेला असेल तर खोलण्यावाचून गत्यंतर नाही, पण तोपर्यंत तेलाने गंज थांबतो. हे सारे दोन-चार दिवसांत झाले पाहिजे. नंतर ओतलेल्या तेलाचा तेवढा गुण येत नाही.

मॅग्नेटच्या बाजूला मात्र तेल पोहोचले नव्हते. तिथली कॉईल, कंडेन्सर आणि पॉइंट गंजाने संपले होते. ते नवे घातले. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून पाहिला. डाव्या-उजव्या बाजूला थोडा हलला तर चालते, पण वर-खाली जराही खेळ नको. इथे नव्हता. तो असता तर क्रँक दाबयंत्रावर उलगडून नवा रॉड घालावा लागला असता. ते काम घरी होत नाही आणि करूही नये.

आता सिलिंडर किती झिजला हे कसे बघायचे? लेथवाल्याकडे त्याचे मापक असते, पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपल्याला घरी अंदाज काढता येतो. पिस्टनची एक रिंग घ्यावी, सिलिंडरच्या अगदी खालच्या, न झिजलेल्या भागात सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, जिथे झीज सर्वात जास्त असते तिथे बसवून पुन्हा मोजावी. माझी खालची फट ०.५५ मिलिमीटर आली आणि वरची १.३५. फरक ०.८०. त्याला ३.१४ ने भागले की सिलिंडर किती रुंदावला ते कळते, सुमारे पाव मिलिमीटर. शाळेत आपण परीघ आणि व्यासाचे गणित शिकलो ते इथे उपयोगाला येते. पुतण्याने हे गणित मोबाईलवर केले, मी कागदावर केले, दोघांचे उत्तर एकच आले तेव्हा तो जरा माझ्याकडे आदराने बघू लागला.

पिस्टनच्या डोक्यावर ०.५० असा आकडा कोरलेला होता. सिलिंडर मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा केलेला आहे, असा त्याचा अर्थ. बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात, तेव्हा दादांनी बहुधा दोनदा करून घेतले असावे. झीज एका बाजूला अधिक आणि वर गंजाचे खड्डे. तेव्हा ०.७५ वर न थांबता सरळ १.०० चा पिस्टन घ्यायचे ठरवले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या दुकानात पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि लॉक मिळाले. पिस्टन आधी हाती घ्यावा आणि मग त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करावा, उलटे करू नये. लेथवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पिस्टन मोजला, सिलिंडर मोजला आणि विचारले, “दुधाची का?” मी म्हटले, “कशावरून ओळखलं?” ते म्हणाले, “झिजली आहे पण जळलेली नाही. तेल कमी पडलेलं नाही हिला कधी.”

जाता जाता सांगतो, आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत लोखंडाची ही विद्या जुनी आहे. हे दोन्ही भाग पूर्वी एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली ती सायकली विकण्यापासून आणि दुरुस्त करण्यापासून. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो नांगर घेईनात! विस्ताराच्या कामातल्या माणसाला ही कथा फार जवळची वाटते. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर त्यांनी कारखाना आणला, तीच किर्लोस्करवाडी. आणि अलीकडे देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. ती २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली आणि आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना जानेवारी २०२२ मध्ये नवी बोलेरो दिली. तेव्हा आपल्याकडे हात आहेत. फक्त हातांना मोजण्याची सवय हवी.

क्लच उघडला तेव्हा एक गंमत सापडली. स्प्रिंगांच्या बुडाशी पत्र्याच्या छोट्या गोल चकत्या, कात्रीने कापलेल्या, कानशीने कडा घासलेल्या. ऐंशी लिटर दूध घेऊन निघताना क्लच घसरत असणार, म्हणून दादांनी चकत्या घालून स्प्रिंगा घट्ट केल्या होत्या. एका चकतीवर कुठल्याशा तुपाच्या डब्याचा पिवळा रंग अजून होता. नव्या प्लेटी घातल्यावर आणि ओझे नसताना त्यांची गरज नव्हती. पुतण्या त्या कचऱ्यात टाकणार होता, मी एका पुडीत बांधून ठेवल्या.

ऑईल सीलविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तिथे लोक दहा-वीस रुपये वाचवतात आणि इंजिन घालवतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते. पिस्टन खाली येताना तीच पेटी पंपासारखी पेट्रोल-हवेचे मिश्रण वर ढकलते. गियरच्या बाजूचे सील फाटले तर इंजिन गियरचे तेल ओढते, पांढरा धूर सुटतो आणि गियर ऑईल घटत जाते. मॅग्नेटच्या बाजूचे फाटले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन पकडतो. तुमचा फवारणी पंप गरम झाल्यावर बंद पडत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर ज्या तपासण्या करायच्या त्यांत हीही एक. इंजिन एकदा खोललेच तर दोन्ही सील बदलून टाकावीत. कार्बोरेटरच्या तळाशी गाळाची खडी बसली होती. ती डिझेलने आणि हवेने साफ केली. जेटच्या भोकात तार घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते.

काजळी काढण्याचे काम कंटाळवाणे, पण इंजिनाचा श्वास त्यावर अवलंबून असतो. सायलेन्सरच्या आतली नळी गुऱ्हाळाच्या चुलवाणात टाकून जाळून काढली. कॉस्टिक सोड्याने लोखंडी नळी साफ होते हे खरे, पण तो अॅल्युमिनियम खातो. हेड, पिस्टन आणि इंजिनाची पेटी ही सारी अॅल्युमिनियमची. त्यांना सोडा लागू देऊ नये. त्यांची काजळी मी बांबूच्या कामट्या तासून त्यांनी खरवडली. लोखंडी पट्टीने ओरखडे पडतात आणि ओरखड्यात काजळी लवकर धरते.

मग रंग. मला स्वतःला या कामात सर्वात आनंद याचा झाला, आणि बहुतेक लोक घाई इथेच करतात. घराच्या दाराला लावतो तो ऑईलपेंट इंजिनाला लावला तर पहिल्याच आठवड्यात फोड येऊन सुटतो आणि वास येतो तो वेगळा. उष्णता सहन करणारा रंग वेगळा मिळतो, तोच घ्यावा. सिलिंडर बिडाचा. बिडाच्या रंध्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. वरून कितीही पुसा, गरम झाला की तेल वर येते आणि रंग सोडते. म्हणून तारेच्या ब्रशाने गंज काढल्यावर सिलिंडर शेगडीच्या मंद विस्तवावर तापवला. घाम सुटावा तसे तेल पाकळ्यांवर आले. ते पुसले, पुन्हा तापवला, पुन्हा पुसले, असे तीन वेळा. गार झाल्यावर थिनरने पुसून घेतला. थिनर काढण्यापूर्वी शेगडी विझवून लांब नेली. हा क्रम चुकवू नका, थिनरची वाफ पेट घेते.

बोअर, पॅकिंगच्या सपाट कडा आणि स्टडचे आटे यांना रंग लागू नये म्हणून कागद आणि चिकटपट्टी लावली. त्यावर काळा रंग दिला तो पातळ, दोनच हात. सिलिंडरच्या पाकळ्या असतात त्या वाऱ्याला उष्णता देण्यासाठी. त्यांच्यावर रंगाची जाड गोधडी घातली तर गाडी सुंदर दिसेल आणि तापेल. पाकळ्यांच्या फटींत ब्रश जात नाही, तिथे फवाऱ्याचा डबा बरा. पुतण्याला फवारणीचा हात आहेच. मी त्याला सांगितले, ‘पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचवतोस तसे मार.’ रंग दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू दिला. मग जुने पत्र्याचे पिंप उपडे घालून खाली मंद निखारे ठेवले आणि आत सिलिंडर टांगून तासभर भाजला. हा रंग तापल्याशिवाय पक्का होत नाही. हेड आणि पेट्या मी रंगवल्या नाहीत. नुसत्या घासून अॅल्युमिनियमचा मूळ रंग काढला. दोन ठिकाणी कॅनच्या बुडाने पडलेले खोल घाव होते, ते घासून घालवता आले असते. वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या.”

जोडताना प्रत्येक फिरत्या भागाला तेल, गजन पिनची दोन्ही लॉक नवी, ती खाचेत बसली की नाही हे बोटाने चाचपून. हेडचे नट समोरासमोर थोडे थोडे आवळत नेले. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर. डिसेंबरच्या अखेरीस इंजिन गावी नेऊन गाडीवर चढवले. पेट्रोलमध्ये लिटरला पन्नास मिलिलिटर टू-टी तेल घातले. आजकालची तेले चांगली आहेत, थोडे कमीही चालेल. पण नवा पिस्टन बसेपर्यंत हात आखडू नये.

अकराव्या किकेला गाडी बोलली. आधी जोडणीतल्या तेलाचा धूर निघाला, गोठ्यातली म्हैस दचकली, गल्लीतली चार माणसे जमली. वहिनी मात्र बाहेर आल्या नाहीत. मी कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू लावत होतो, तोच आतून आवाज आला, “न्हाई. असं न्हवतं वाजत. लई कोरडं वाजतंय.”

मी स्क्रू थोडा आत घेतला.

“आजून जरा.”

पाव फेरा आणखी घेतला. इंजिनाचा ठोका एकसारखा, भरीव पडू लागला. आत भांड्याचा आवाज थांबला होता. “हां. आता बराबर हाय,” वहिनी म्हणाल्या. पहाटे चारला सोळा वर्षे जिने हा आवाज गावाबाहेर जाईपर्यंत ऐकला, तिच्या कानापुढे माझा फिलर गेज काय करणार? दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर चालवून प्लग काढून पाहिला. टोक तपकिरी, कॉफीच्या रंगाचे होते. मिश्रण बरोबर असल्याची ती खूण.

कागदपत्रांचेही सांगितले पाहिजे, कारण विचारणारे पुष्कळ भेटतात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. तिची पहिली फी वीस हजार आणि ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. शौकिनाला ते ठीक. शेतकऱ्याने साधी नोंदणी जिवंत ठेवावी. आमच्या गाडीचे कागद वहिनींच्या ट्रंकेत, दादांनी नूतनीकरण करून ठेवलेल्या पावत्यांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पुराच्या वेळी ट्रंक माळ्यावर चढवलेली, म्हणून कागद सुके राहिले. पुढची मुदत संपली होती, ती पुतण्याने आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन तपासणीसह पूर्ण केली. अशी नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर आणू नये, मग इंजिन कितीही गोड वाजो.

एकूण खर्च नऊ हजार तीनशे झाला. त्यात बोअरिंग, पिस्टन, सील, कॉईल, क्लचच्या प्लेटी, रंग, सारे आले. मजुरी आमची घरची.

पुतण्याच्या ठिबकचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही, हे मी इथे लपवणार नाही. त्याने अनुदानासाठी अर्ज केला आहे, यादीत नाव लागेल तेव्हा लागेल. पुण्याच्या हौशी माणसाचा फोन अजून येतो, आता तो पन्नासवर आला आहे. परवा त्याचा फोन वहिनींनीच घेतला. नव्या बोअरची गाडी पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर पळवायची नाही आणि ओझे घालायचे नाही, हे मी त्यांना आणि पुतण्याला बजावून सांगितले होते. वहिनी त्याला म्हणाल्या, “आजून तीनशे चाळीसच झाल्यात. पाचशे हुंद्यात, मग इचारा.” आणि पुतण्याला त्यांनी त्या संध्याकाळी गाडी घेऊन आष्ट्यापर्यंतच जाऊन ये म्हणून सांगितले.